वस्तू आपल्या धन्याला हाक मारते

गेल्या दहा वर्षांतील जगाच्या कलाक्षेत्राचा वृत्तान्त उद्या कोणी लिहावयास घेतला, तर त्यात नव्या कलाकृतींहून जुन्या कलाकृतींच्या प्रवासालाच अधिक पाने द्यावी लागतील. शंभर-सव्वाशे वर्षे युरोपातील काचेच्या कपाटांत उभ्या असलेल्या मूर्ती, पट्टिका, सिंहासने आणि होड्या खोक्यांत बंद होऊन आपापल्या देशी निघाल्या आहेत. मात्र या प्रवासाला ठिकठिकाणी वेगळे नाव आहे. कुठे वस्तू 'परत केली' असे म्हणतात, कुठे 'भेट दिली', कुठे 'उसनी दिली'. वस्तू निघते त्याच वाटेने, शब्द तेवढा निराळा. या साऱ्या प्रकरणाचा इतिहास त्या शब्दांत दडलेला आहे असे आम्हांस वाटते आणि तो नीट उलगडावयाचा तर आरंभ बेनिनपासून करावा लागतो.

आज नकाशावर बेनिन नावाचा जो देश दिसतो तो हा नव्हे. त्याचे पूर्वीचे नाव दाहोमी. बेनिन हे नाव त्याने १९७५ साली घेतले. आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत ते एदो लोकांचे प्राचीन राज्य. त्याची राजधानी बेनिन नगर आज नायजेरियात आहे आणि तेथील राजाला 'ओबा' म्हणतात. या राजवाड्यात ओताऱ्यांचा एक संघ पिढ्यान् पिढ्या राजाच्या आज्ञेने काम करीत असे. मातीचा गाभा करावा, त्यावर मेणाचा थर देऊन त्या मेणात नक्षी कोरावी, वरून पुन्हा मातीचा लेप द्यावा आणि भट्टीत भाजावे. मेण वितळून वाहून जाते, पोकळी राहते, त्या पोकळीत पितळेचा रस ओतावयाचा. साचा फोडल्याखेरीज मूर्ती हाती येत नाही, म्हणून प्रत्येक मूर्ती एकच. तिची जुळी निघत नाही. आपल्याकडील ओतारी ही रीत चांगली ओळखतात. बेनिनच्या या वस्तू जगात 'ब्राँझ' म्हणून प्रसिद्ध झाल्या असल्या, तरी त्यांतील बहुतेक पितळेच्या आहेत. इगुन नावाच्या गल्लीत त्या ओताऱ्यांचे वंशज आजही भट्ट्या पेटवितात.

ओबा मरण पावला की त्याच्या वारसाने त्याच्या स्मरणार्थ वेदी उभारावयाची, तिच्यावर पितळी मस्तक ठेवावयाचे, पूर्वजांना साद घालण्यासाठी घंटा ठेवावयाच्या, असा प्रघात होता. सोळाव्या-सतराव्या शतकांत राजवाड्याचे खांब शेकडो पट्टिकांनी मढविलेले होते. १६६८ साली ओल्फर्ट डॅपर या डच लेखकाने त्यांचे वर्णन छापले. तो स्वतः आफ्रिकेत कधी गेला नव्हता, प्रवाशांच्या तोंडून ऐकून त्याने लिहिले. ज्या दरबारात लेखनविद्या नव्हती, तेथे या पट्टिका म्हणजेच दरबाराची बखर होती. कोण कोणाच्या उजव्या हाताला उभा राहतो, कोणत्या मोहिमेत काय घडले, हे त्या सांगत.

त्या पट्टिकांवर लांब केसांचे, दाढीवाले, हाती बंदुका घेतलेले पोर्तुगीज शिपाई आहेत. आमच्या वसईच्या वाचकांना त्यांची ओळख करून द्यावयास नको! पंधराव्या शतकाच्या अखेरीस ते बेनिनला पोहोचले आणि १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाकडून त्यांना वसई मिळाली. एकाच राजसत्तेची ही दोन टोके. बेनिनला ते मिरी, हस्तिदंत आणि माणसे घ्यावयास जात. होय, माणसे. मोबदल्यात 'मॅनिला' म्हणून ओळखली जाणारी पितळी कडी देत. ही कडी वितळवूनच ओबाचे ओतारी मूर्ती ओतीत. २०२३ साली शास्त्रज्ञांनी बुडालेल्या जहाजांतील कडी तपासली, तेव्हा त्यांचे धातू जर्मनीच्या ऱ्हाइन प्रदेशातील खाणींचे असल्याचे दिसून आले. म्हणजे पितळ जर्मनीचे, जहाज पोर्तुगालचे, कसब एदोंचे आणि किंमत मोजली ती साखळदंडांत बांधून नेलेल्यांनी. कलेच्या इतिहासात निर्मळ हातांची माणसे शोधू गेल्यास फार थोडी सापडतात.

१८९६च्या नोव्हेंबरात जेम्स फिलिप्स या इंग्रज अधिकाऱ्याने लंडनला पत्र लिहून ओबाला पदच्युत करण्याची परवानगी मागितली. राजवाड्यातील हस्तिदंतात मोहिमेचा खर्च भागेल अशी आशा त्याने त्याच पत्रात व्यक्त केली होती. उत्तराची वाट न पाहता १८९७च्या जानेवारीत तो बेनिनकडे निघाला. ओबाचे धार्मिक विधी चालू आहेत, सध्या येऊ नये, असे निरोप येऊनही तो थांबला नाही. वाटेत त्याच्या तांड्यावर हल्ला झाला. दोन इंग्रज तेवढे वाचले, बाकीचे मारले गेले. बरोबरचे अनेक आफ्रिकी हमालही मेले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पुढच्याच महिन्यात ॲडमिरल रॉसन सुमारे बाराशे सैनिक घेऊन आला. १८ फेब्रुवारीला नगर पडले, लुटले गेले आणि जळून गेले. बेनिनमध्ये नरबळीची प्रथा होती हे खरे, इंग्रजी वृत्तपत्रांनी ती भडक रंगांत रंगविली हेही खरे. पण पितळी पट्टिका खांबांवरून उखडण्याचे कारण ती प्रथा नव्हती. ओबा ओव्होन्रामवेन यांना कलबारला हद्दपार करण्यात आले. तेथेच १९१४ साली त्यांचा अंत झाला.

लुटीतील काही माल खर्चभरपाईसाठी सरकारने विकला, काही अधिकाऱ्यांनी वाटून घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने सुमारे तीनशे पट्टिका मांडल्या आणि युरोपातील विद्वान चक्रावून गेले. काळ्या माणसाच्या हाताला हे साधणार नाही, ही कुणा बाहेरच्यांची कला असावी, असे तर्क लढविण्यात आले. बर्लिनच्या फेलिक्स फॉन लुशान यांनी मात्र युरोपातील कोणत्याही ओताऱ्याला याहून सरस काम जमले नसते असे निःशंकपणे लिहिले आणि मिळतील तेवढ्या वस्तू विकत घेतल्या. ज्याला त्या कलेची थोरवी प्रथम उमगली, त्याच्याच संग्रहालयात लुटीचा एक मोठा वाटा जाऊन बसला.

पुढची साठ-सत्तर वर्षे भरभर ओलांडता येतील. मागण्या झाल्या, कागद फिरले, घडले काही नाही. दोन गोष्टी मात्र सांगावयास हव्यात. १९५० ते १९७२ या काळात ब्रिटिश म्युझियमने तीसहून अधिक पट्टिका 'दुबार' ठरवून विकल्या; त्यांतील काही नायजेरियाने स्वतःचे पैसे मोजून घेतल्या. साचा फोडून घडविलेल्या वस्तूला दुबार म्हणावयाचे, हे धाडसच म्हटले पाहिजे. दुसरी गोष्ट १९७७ सालची. लागोसला आफ्रिकी संस्कृतीचा मोठा महोत्सव भरला. राणी इदिया हिचा हस्तिदंती मुखवटा हे त्याचे बोधचिन्ह होते. तो महोत्सवापुरता द्यावा ही विनंती लंडनने वस्तू नाजूक असल्याचे सांगून नाकारली. अखेर एका एदो कारागिराने कोरलेली प्रतिकृती मिरविण्यात आली.

वारे फिरले ते २०१७च्या नोव्हेंबरात. फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी औगादौगू येथील भाषणात आफ्रिकेचा वारसा पाच वर्षांत परत जाण्याजोगी परिस्थिती निर्माण व्हावी, अशी इच्छा बोलून दाखविली. त्यानंतर २०२१ साली फ्रान्सने दाहोमीच्या राजवाड्यातून नेलेल्या २६ वस्तू परत केल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंब्रिजच्या जीझस महाविद्यालयाने विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून एक पितळी कोंबडा बेनिनला सुपूर्द केला. २०२२ साली जर्मनीने हजाराहून अधिक वस्तूंवरील हक्क सोडण्याचा करार केला आणि डिसेंबरात परराष्ट्रमंत्री बेअरबॉक सुमारे वीस मूर्ती घेऊन स्वतः नायजेरियाला गेल्या. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने २९ वस्तू दिल्या, लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने ७२ वस्तूंवरील मालकी सोडली आणि २०२५ साली नेदरलँड्सने ११९ वस्तू परत केल्या. ब्रिटिश म्युझियमपाशी नऊशेच्या वर वस्तू आहेत. १९६३चा कायदा त्यांच्या विश्वस्तांना संग्रहातील वस्तू देऊन टाकू देत नाही, असे ते सांगतात. कायदा माणसांनीच केला असल्यामुळे तो माणसांना बदलताही येतो. पण तशी इच्छा अद्याप दिसलेली नाही.

यांपैकी आम्हांस सर्वांत भावलेली घटना सरकारांची नाही. १८९७च्या स्वारीत सामील असलेल्या एका कॅप्टनचा नातू वेल्समध्ये राहत होता. व्यवसायाने डॉक्टर, आता निवृत्त. आजोबांकडून घरात आलेल्या दोन पितळी वस्तू, एक पक्षी आणि एक घंटा, घेऊन तो २०१४ साली बेनिन नगराला गेला आणि त्याने त्या ओबांच्या हाती दिल्या. त्याला त्यासाठी कोणताही कायदा बदलावा लागला नाही.

आमच्या सेमिनरीच्या दिवसांत नीतिशास्त्राच्या तासाला 'परतफेड' या विषयावर बरेच दिवस खर्ची पडत. रेस क्लामात दोमिनो, हे लॅटिन सूत्र आम्ही घोकीत असू; वस्तू आपल्या धन्याला हाक मारते, असा त्याचा अर्थ. चोराने परत द्यावे हे तर सोपे आहे. पण चोरीची वस्तू अजाणता विकत घेणाऱ्यालाही, सत्य कळताच, ती परत द्यावी लागते असे शास्त्र सांगते. जक्कयाने चौपट देऊ केले. शास्त्र मागते ते फक्त तेवढ्यास तेवढे. तेव्हा हे धडे शेजाऱ्याची कोंबडी, बांधावरचा नारळ, सावकाराचे व्याज, अशा उदाहरणांनी शिकविले जात. संग्रहालयांचे उदाहरण कोणी घेतल्याचे आठवत नाही.

त्या सूत्रातला अवघड शब्द 'हाक' हा नसून 'धनी' हा आहे, हे बेनिनने दाखवून दिले. २०२३च्या मार्चमध्ये नायजेरियाच्या मावळत्या अध्यक्षांनी परत येणाऱ्या वस्तूंची मालकी ओबांकडे राहील असे जाहीर केले. केंब्रिज विद्यापीठाने ११६ वस्तूंच्या हस्तांतराचा ठरलेला समारंभ लगोलग पुढे ढकलला. राष्ट्राला द्यावयाचे म्हणून निघालो आणि राजाच्या घरी पोहोचलो, असे काहींना वाटले. दुसरीकडे, या मूर्ती माणसे विकून मिळविलेल्या कड्यांच्या आहेत, तेव्हा आमचाही त्यांवर हक्क आहे, असे अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांच्या एका संघटनेने न्यायालयात मांडले. न्यायालयात ते टिकले नाही, मनातून मात्र जात नाही. आणि २०२५च्या नोव्हेंबरात, बेनिन नगरात पश्चिम आफ्रिकी कलेचे नवे संग्रहालय उघडण्याच्या बेतात असताना, राजवाड्याच्या बाजूने बोलणारे निदर्शक आवारात घुसले. हे राजाचे संग्रहालय व्हावयास हवे होते, असे त्यांचे म्हणणे. उद्घाटन रहित झाले. 'पाहा, यांना सांभाळता येत नाही', असे म्हणणारे युरोपात लगेच पुढे सरसावले. हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. वारसांत भांडण आहे म्हणून ठेव घेणाऱ्याने ती गिळावी, असे कोणतेही नीतिशास्त्र सांगत नाही. वारसांचे भांडण वारसांनी सोडवावयाचे असते.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. १९२५ हे पवित्र वर्ष होते. पोप पायस अकरावे यांनी त्या निमित्ताने व्हॅटिकनमध्ये मिशन-प्रदर्शन भरविले आणि जगभरच्या मिशनऱ्यांनी एक लाखाहून अधिक वस्तू धाडल्या. त्यांतील सुमारे चाळीस हजार तेथेच राहिल्या; त्यांतूनच व्हॅटिकनचे मानववंश संग्रहालय उभे राहिले. 'पोपमहोदयांना दिलेल्या भेटी' अशी त्या वस्तूंची नोंद आहे. पण कॅनडाच्या आदिवासींचा 'पोटलॅच' हा दानोत्सव १८८५ ते १९५१ या काळात कायद्याने बंद होता आणि त्यांची मुले घरापासून तोडून वसतिशाळांत घातली जात होती. त्या शाळांतील बऱ्याचशा आपल्याच धर्मसंघांच्या हाती होत्या. अशा काळात दिलेली भेट कितपत मनापासून दिलेली असेल? देणाऱ्याला 'नाही' म्हणावयाची सोय नसेल, तर त्या देण्याला भेट म्हणता येत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२२च्या जुलैमध्ये कॅनडात जाऊन वसतिशाळांबद्दल क्षमा मागितली. पुढच्या मार्चमध्ये व्हॅटिकनने तथाकथित 'शोधाच्या सिद्धान्ता'चा त्याग केल्याचे निवेदन काढले. १४५२, १४५५ आणि १४९३च्या ज्या पोपपत्रांचा आधार घेऊन पोर्तुगाल-स्पेनने इतरांच्या भूमीवर हक्क सांगितला, त्यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. वसईत बसून ही तारीखवार यादी वाचताना ती आम्हांस परकी वाटत नाही. त्याच मार्चमध्ये पार्थेनॉनचे तीन शिल्पखंड अथेन्सला गेले. ते ग्रीस सरकारला न देता ऑर्थोडॉक्स आर्चबिशपांना 'दान' म्हणून देण्यात आले. एप्रिलच्या अखेरीस हंगेरीहून परतताना विमानात पत्रकारांनी विचारले, तेव्हा पोपमहोदयांनी सातव्या आज्ञेचीच आठवण करून दिली. चोरलेले असेल तर परत द्यावे लागते, इतके साधे! आणि २०२५च्या नोव्हेंबरात पोप लिओ चौदावे यांनी कॅनडाच्या बिशपांकडे ६२ वस्तू सोपविल्या. त्यांत मॅकेंझी नदीच्या मुखाकडील इनुव्हिआलुइट लोकांची एक चिंचोळी होडी आहे. डिसेंबरात ती माँट्रियलला उतरली. येथेही अधिकृत शब्द 'भेट' हाच आहे. भेट म्हणून आली, भेट म्हणून गेली. मधल्या शंभर वर्षांबद्दल तो शब्द काही बोलत नाही. एक दंडक पडून संग्रहालय रिकामे होऊ नये ही त्यामागची काळजी आम्हांस समजते. पण ज्यांनी सातवी आज्ञा इतक्या मोकळेपणाने उच्चारली, त्यांच्या घराने 'परत' या शब्दाला बिचकू नये, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

'उसने' या शब्दाची कथा याहून मौजेची आहे. घानातील असांते राजांचे सोने इंग्रजांनी १८७४च्या युद्धात आणि नंतर नेले होते. २०२४ साली ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया ॲण्ड अल्बर्ट म्युझियम यांनी ३२ वस्तू कुमासीच्या राजवाडा-संग्रहालयात तीन वर्षांसाठी उसन्या धाडल्या. राजाने आपल्याच पणजोबांचे दागिने पावती देऊन घ्यावयाचे! त्याच वर्षी जुलैमध्ये त्याच व्हिक्टोरिया ॲण्ड अल्बर्टने एक वाघनखे साताऱ्यास पाठविली, तीही तीन वर्षांच्या मुदतीने. ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून संग्रहालयास मिळालेली. अफजलखानाच्या वधातील तीच का, हे सांगता येत नाही असे संग्रहालय स्वतःच म्हणते. साताऱ्यात रांगा लागल्या. रांगेतील किती जणांना 'मुदतीने' हा शब्द ठाऊक असेल, कोण जाणे. पुढच्या वर्षी रघूजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली, ती महाराष्ट्र शासनाने सत्तेचाळीस लाखांच्या वर रुपये मोजून आणली. म्हणजे परत, भेट, उसने यांच्या जोडीला 'विकत' हा चौथा शब्दही झाला.

हे सारे लिहीत असताना वसईकर वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असणार आणि तो टाळणे बरे नव्हे. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यातील आणि आसपासच्या चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलखात नेल्या गेल्या. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळावर एक आहे, भीमाशंकरला एक, पालीच्या बल्लाळेश्वराला एक. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया आहे. त्या मागाव्यात काय?

आमचे उत्तर 'नको' असे आहे आणि ते केवळ सौजन्यापोटी दिलेले नाही. ज्या मठांसाठी त्या ओतल्या, ते मठ किल्ल्यात छपरावाचून उभे आहेत आणि ज्या राजसत्तेने त्या टांगल्या, तिचे आम्ही वारसही नाही. धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर येथे बेनिनहूनही धूसर आहे. त्याखेरीज हिशेब मांडावयाचा तर दोन्ही बाजूंनी मांडावा लागेल. बोरिवलीजवळ मंडपेश्वरची शैव गुंफा सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी चर्च केली होती. तिच्या वरच्या अंगाला त्यांच्या इमारतीचे अवशेष आहेत. आज तेथे पुन्हा शिवपूजा होते. ती गुंफा काही पोर्तुगीजांना कोणी भेट दिलेली नव्हती.

मागणे नको, पण नोंद हवी. नाशिकच्या आरतीला ती घंटा पावणेतीनशे वर्षे वाजते आहे, ती तिथलीच झाली. ती कोणत्या चर्चची, तिच्यावर कोणते साल, कोणती अक्षरे, एवढे तिच्याजवळ मराठीत लिहिलेले असावे. काही घंटा प्रसिद्ध आहेत, त्यांचे सांगितले. आडगावच्या देवळांत क्रूस कोरलेल्या आणखीही असतील. आमच्या वाचकांपैकी शिक्षक, शासकीय नोकर, देवस्थानांच्या गावी सासर-माहेर असलेल्या भगिनी महाराष्ट्रभर विखुरलेल्या आहेत. अशी घंटा पाहण्यात आल्यास विश्वस्तांची परवानगी घेऊन तिच्यावरील अक्षरे कागदावर उतरवून घ्यावीत, उंची आणि घेर दोऱ्याने मोजावा आणि गावाच्या नावासह आम्हांकडे धाडावे. लॅटिन आणि पोर्तुगीज अक्षरे आम्ही लावू. मोडी असल्यास दुसरा जाणकार पाहावा लागेल.